गोल्डफिंगरचं सोनं किती दिवस तापलं असतं?

१९६४च्या ‘गोल्डफिंगर’ सिनेमात जेम्स बाँड खलनायक गोल्डफिंगरला तोंडावर हिशेब ऐकवतो. फोर्ट नॉक्सच्या सरकारी तिजोरीतलं अमेरिकेचं सोनं साडेदहा हजार टन. साठ माणसं, दोनशे ट्रक, नुसतं भरायलाच बारा दिवस. तोवर अमेरिकेचं सैन्य काय झोपा काढेल? (बाँडचाही हिशेब जरा ढिलाच आहे. एकेका ट्रकवर पन्नास टनांहून जास्त सोनं चढवणार कसं?) इयान फ्लेमिंगच्या १९५९च्या मूळ कादंबरीत गोल्डफिंगर खरोखरच सोनं पळवायला निघतो. पटकथाकारांनी त्यातली अडचण ओळखली आणि सिनेमाला एक भन्नाट कल्पना मिळाली: सोनं न्यायचंच नाही. तिजोरीत कोबाल्ट आणि आयोडीन घातलेला अणुबाँब फोडायचा, म्हणजे सोनं ५८ वर्षं किरणोत्सारी राहील. अमेरिकेला त्याला हात लावता येणार नाही आणि गोल्डफिंगरकडच्या सोन्याचा भाव दसपट होईल.

हे जमलं असतं का?

आधी सोन्याकडे बघू. निसर्गात सोन्याचं एकच स्थिर रूप सापडतं, सोनं-१९७. बाँबमधून सुटलेला न्यूट्रॉन त्याने गिळला की त्याचं सोनं-१९८ होतं आणि ते किरणोत्सारी असतं. पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ, जेमतेम २.७ दिवस. सत्तावीस दिवसांत किरणोत्सार हजारांश उरतो, तीन महिन्यांत साधारण हजार कोटींतला एक भाग. शिवाय सोनं न्यूट्रॉनचं भारी खादाड, त्यामुळे रचलेल्या विटांत बाहेरच्या विटाच बरेचसे न्यूट्रॉन गिळून आतल्यांना वाचवतील. आणि विझताना या सोन्याचं काय होतं? पारा! पाऱ्याचं सोनं करण्यासाठी किमयागारांनी शतकानुशतकं भट्ट्या फुंकल्या. अणुभट्टीत हा प्रवास उलट दिशेने सहज होतो. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम सोन्यावर न्यूट्रॉन सोडून शुद्ध पारा-१९८ मिळवला. त्याच्या दिव्याचा हिरवा प्रकाश इतका नेमका निघाला की त्यावरून लांबीचं प्रमाण ठरवावं, अशी सूचना तेव्हा पुढे आली होती.

मग ५८ वर्षं आली कुठून? इथे मला पटकथेचं खरं कौतुक वाटतं. बाँबमधल्या कोबाल्टने न्यूट्रॉन गिळला की त्याचं कोबाल्ट-६० होतं. त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. त्याला अकराने गुणा: ५८! इतक्या काळात किरणोत्सार मूळच्या साधारण दोन हजारांतल्या एका भागावर येतो. कुणी मुद्दाम हिशेब केला की आकडा योगायोगाने बसला, कोण जाणे. पण बसला चपखल. आयोडीन मात्र उगाच घातलंय. आयोडीन-१३१चं अर्धायुष्य आठच दिवसांचं.

म्हणजे धोका सोन्याचा नाही, त्यावर बसलेल्या कोबाल्टच्या धुळीचा. कोबाल्ट-६०मधून निघणारे गॅमा किरण सोन्यावर पडले म्हणून सोनं किरणोत्सारी होत नाही. याचा पुरावा आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे. लासलगावच्या केंद्रात हापूस आंब्यांवर याच कोबाल्ट-६०चे किरण सोडतात आणि २००७पासून तसे आंबे अमेरिकेत खुशाल खाल्ले जातात. धूळ बसलेलं सोनं शिशाच्या भिंतीआड, यंत्रांच्या हातांनी धुवायचं, वितळवायचं, विजेच्या साहाय्याने शुद्ध करायचं. त्या प्रक्रियेत सोनं पत्र्यावर जमतं आणि कोबाल्ट द्रावणात मागे राहतो. काम खर्चिक आणि जिवावरचं, पण ५८ वर्षं थांबायची गरज नाही.

भौतिकशास्त्रात गोल्डफिंगर नापास. अर्थशास्त्रात मात्र मी त्याला इतक्या सहज नापास करणार नाही. १९४४च्या ब्रेटन वुड्स करारानुसार एक औंस सोनं म्हणजे ३५ डॉलर, आणि परदेशी मध्यवर्ती बँकांनी डॉलर पुढे केले की अमेरिकेने सोनं मोजून द्यायचं. जगाचा चलनव्यवहार या वचनावर उभा होता. सोनं तिजोरीत आहे, पण देता येत नाही, एवढी बातमी फुटली तरी घबराट उडाली असती. बाँबही अगदीच हवेतला नव्हता. सिनेमात तो चीनकडून येतो. लंडनमध्ये पहिला खेळ झाला सप्टेंबर १९६४मध्ये आणि १६ ऑक्टोबरला चीनने खरोखरच पहिली अणुचाचणी केली.

पुढचं काम राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केलं. १५ ऑगस्ट १९७१ रोजी त्यांनी दूरचित्रवाणीवरून सांगून टाकलं, की यापुढे डॉलरच्या बदल्यात सोनं मिळणार नाही. फोर्ट नॉक्सच्या विटा स्वच्छ, जागच्या जागी, आणि तरीही परदेशी बँकांच्या हाताबाहेर. नंतर तेलाचे भाव, महागाई, युद्धं अशी बरीच कारणं साठत गेली आणि जानेवारी १९८०मध्ये औंसाचा भाव ८५० डॉलरवर पोचला, म्हणजे जुन्या ३५च्या चोवीसपट. गोल्डफिंगरने दहापटच मागितले होते.