विश्लेषण : प्राध्यापकांना शिकवायला कोण शिकवते?

शाळेत शिक्षक व्हायचे तर डीएड किंवा बीएड लागते. महाविद्यालयात शिकवण्यासाठी मात्र अध्यापनाची पदवी लागत नाही. विषयातील पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी असेल, तर उमेदवार सहायक प्राध्यापकपदासाठी पात्र ठरतो. नेटच्या पहिल्या पेपरमध्ये अध्यापनक्षमतेवर प्रश्न असतात, पण प्रत्यक्ष शिकवून दाखवावे लागत नाही. नागपूरच्या रामदासपेठेतील विद्यापीठाच्या ग्रंथालयात नव्या प्राध्यापकाला त्याच्या विषयाची पुस्तके मिळतात. तोच विषय साठ-सत्तर मुलांच्या वर्गापुढे कसा मांडायचा, हे तो नोकरीत आल्यावरच शिकतो. म्हणूनच त्याला हे शिकवणारे कोण, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

प्रशिक्षणाची सुरुवात कशी झाली?

नव्या अधिव्याख्यात्यांना अध्यापनाची ओळख करून द्यावी, असे कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचवले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने विद्यापीठांमध्ये ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेज’ सुरू केली. महाराष्ट्रात नागपूर आणि अमरावती विद्यापीठांनाही अशी केंद्रे मिळाली. २०१५ मध्ये त्यांना ‘मनुष्यबळ विकास केंद्र’ असे नाव मिळाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन सुरू झाल्यावर ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे’ झाली.

प्राध्यापकांना हे प्रशिक्षण का घ्यावे लागते?

कारण ते बढतीशी जोडलेले आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ वर जायचे असेल, तर अध्यापनपद्धतीवरील २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स करावा लागतो. त्याशिवाय रिफ्रेशर कोर्स किंवा नियमात दिलेला तत्सम एक कार्यक्रमही पूर्ण करावा लागतो. सातव्या वेतन आयोगात या दोन स्तरांचे सुरुवातीचे मूळ वेतन अनुक्रमे ५७,७०० आणि ६८,९०० रुपये आहे. साहजिकच अनेकांचे लक्ष शिकण्यापेक्षा प्रमाणपत्राकडे असते.

मार्गदर्शक कोणत्या क्षेत्रांतून येतात?

अशा केंद्रांत कायमस्वरूपी अध्यापकवर्ग मोठा नसतो. संचालक बहुधा एखाद्या विषयाचे प्राध्यापक असतात आणि बहुतेक सत्रे बाहेरून बोलावलेले ‘रिसोर्स पर्सन’ घेतात. त्यांत साधारण चार प्रकारची माणसे दिसतात. पहिले, आपल्या विषयात नाव मिळवलेले संशोधक. दुसरे, आजी-माजी कुलगुरू, प्राचार्य, कुलसचिव असे प्रशासक. नियम, नॅक, बढती हे त्यांचे विषय. तिसरे, शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्राचे अध्यापक. चौथे, ग्रंथपाल, संगणकतज्ज्ञ, वकील, समुपदेशक यांसारखे व्यावसायिक.

पार्श्वभूमीने काय फरक पडतो?

प्रत्येक गटाची एक मर्यादा असते. संशोधक विषयातील नवे सांगतो, पण तो विषय पहिल्या वर्षाच्या मुलाला कुठे अडतो, याचा त्याने विचार केलेला असेलच असे नाही. शिक्षणशास्त्राच्या अध्यापकाला पद्धती माहीत असतात, पण रसायनशास्त्रातील नेमकी अडचण त्याला ठाऊक नसते.

दोन्ही बाजू जाणणारा माणूस काय करू शकतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील भौतिकशास्त्रज्ञ व्ही. जी. कुलकर्णी हे मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक. १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या कामातून दिसले, की मुलांना विज्ञानापेक्षा पाठ्यपुस्तकातील भाषा अडवते. अमेरिकेत हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझुर यांनाही असाच अनुभव आला. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते सोडवत, पण साध्या संकल्पनांवरील प्रश्नांना अडखळत. मग त्यांनी व्याख्यान कमी करून विद्यार्थ्यांना एकमेकांशी चर्चा करायला लावण्याची पद्धत रुजवली.

नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रात नागपूरसह वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे येतात. बारावीपर्यंत मराठीतून विचार करणारा मुलगा बीएस्सीला इंग्रजी पुस्तकासमोर बसतो, तेव्हा कुलकर्णींना दिसलेली अडचण इथेही उभी राहते. ती ओळखायला प्राध्यापकाला कोणी शिकवलेच नसेल, तर नापासाचा शिक्का मुलावरच बसतो.

कोर्स निवडताना काय पाहावे?

नावापुढच्या पदव्या आणि पदे मोजण्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. मार्गदर्शकांपैकी किती जणांनी पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे शिकवले आहे? सहभागी प्राध्यापकांना स्वतः शिकवून दाखवावे लागते का आणि त्यावर कोणी अभिप्राय देते का? चारही गटांतील माणसे वेळापत्रकात आहेत, की सगळी सत्रे एकाच गटाकडे गेली आहेत? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर २१ दिवसांचा उपयोग बढतीच्या फाइलपुरता न राहता वर्गातही दिसतो.