थिनरचा डबा : व्यापाऱ्यांनी घ्यावयाची खबरदारी

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावरून उतरलेल्या कापडावर तेलाचे डाग राहतात. डागी माल कमी भावात जातो, म्हणून घडी घालण्यापूर्वी अनेक ठिकाणी ते थिनरने पुसतात. या थिनरचा स्वभाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असतो.

अनेक थिनरमध्ये टोल्युइन असते. अवघ्या ४ अंश सेल्सिअसलाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने धोका. ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असल्याने जमिनीलगत पसरते. हवेत तिचे प्रमाण १.१ टक्के झाले की ठिणगी पुरते. ती विडीचीच हवी असे नाही. पंख्याच्या बटणातून किंवा पॉलिस्टरच्या घर्षणातूनही उडते.

म्हणून थिनर पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, कामापुरतेच बाहेर काढावे. भिजलेल्या चिंध्याही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच टाकाव्यात. नुसता वरचा झरोका पुरत नाही; जमिनीलगतची हवाही बाहेर गेली पाहिजे. आग लागल्यास पाण्याचा मारा करू नये, कारण टोल्युइन पाण्यावर तरंगते आणि आग पसरते. कोरड्या पावडरचे किंवा फोमचे अग्निशामक हाताशी असावे.

डाग पुसणाऱ्या कामगाराचे डोके दुखले, त्याला चक्कर आली, तर तो कामचुकारपणा समजू नये. वाफ त्याच्या अंगात जात असते. त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत न्यावे.

मागाची तेलगळती वेळीच बंद केली तर थिनरही कमी लागेल. ताग्यामागे चार पैसे वाचवण्यासाठी माणूस आणि गोदाम पणाला लावणे, हा कोणत्याही वहीत नफ्याचा सौदा ठरत नाही.