गाडी लागणें आणि भूल

अंजूरहून ठाण्याकडे निघालेल्या गाडींत एखादी गृहिणी पदर तोंडाशीं धरून, मुठींत लिंबू घेऊन खिडकीपाशीं बसते. तिला गाडी लागते, हें साऱ्या घराला ठाऊक असतें. परंतु तीच बाई शस्त्रक्रियेसाठीं रुग्णालयांत दाखल झाली म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे, असें कोणाच्याही मनांत येत नाहीं. वस्तुतः भूल देणाऱ्या तज्ज्ञाला तीच आधीं कळावयास हवी.

संपूर्ण भूल दिलेल्या १०० रोग्यांपैकीं सुमारें ३० जणांना शुद्धीवर आल्यावर मळमळ किंवा वांती होते. घरचीं माणसें पोटाला दोष देतात. परंतु मूळ बहुधा मेंदूंत असतें. तेथील वांतीचें केंद्र भुलीच्या वायूंनीं व अफूच्या वर्गांतील वेदनाशामकांनीं चेतविलें जातें. कानाच्या आंत तोल सांभाळणारें जें इंद्रिय आहे, तेंही त्याच केंद्राला खबर देतें. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला भूलही लवकर बाधते.

अपफेल नांवाच्या भूलतज्ज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९९९ मध्यें चार खुणा सांगितल्या: रोगी स्त्री असणें, धूम्रपान न करणें, गाडी लागणें किंवा पूर्वीच्या भुलीनंतर वांती झालेली असणें, आणि शस्त्रक्रियेनंतर अफूवर्गीय औषध द्यावें लागणें. एकही खूण नसल्यास १०० त सुमारें १०, चारही असल्यास सुमारें ८० जणांना त्रास होतो. धूम्रपान करणाराची येथें सरशी व्हावी, ही दैवाची थट्टाच. तेवढ्यासाठीं कोणीं विडी पेटवूं नये! गाडींतील त्या बाईच्या ठायीं तीन खुणा आहेतच. तिचा धोका ६० च्या घरांत जातो.

हा त्रास क्षुल्लक नव्हे. ओकारीच्या उमाळ्यानें टांक्यांवर ताण पडतो, आणि अर्धवट शुद्धींत वांती फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें.

आधीं कळलें तर तज्ज्ञाच्या हातीं पुष्कळ आहे. वायूऐवजीं शिरेंतून प्रोपोफॉल देतां येतें. जमेल तेथें कमरेंत सुई देऊन खालचाच भाग बधिर करतात. भुलीच्या आरंभीं डेक्सामेथासोन आणि शस्त्रक्रियेच्या शेवटीं ऑन्डान्सेट्रॉन, यांपैकीं प्रत्येकानें धोका सुमारें चतुर्थांशानें उतरतो. अशा रोग्याला दोन्हीं देतात. डेक्सामेथासोननें रक्तांतील साखर वाढते, तेव्हां मधुमेह असल्यास तोही सांगावा.

उपासाची आज्ञा मात्र घरानेंच पाळावयाची असते. हलकें अन्न व दूध भुलीपूर्वीं सहा तास बंद. साधें पाणी बहुधा दोन तासांपूर्वींपर्यंत चालतें. पहांटे मायेनें हळूच पाजलेला दुधाचा चहा दुधांतच मोडतो. तो पाजला गेला असेल, तर रोग्याला आंत नेण्यापूर्वीं तसें सांगून टाकावें. शस्त्रक्रिया कांहीं तास पुढें जाईल, एवढेंच.