होडी आणि वारा

सोलापूर जिल्हा हा कमी पावसाचा प्रदेश. येथील शेतकऱ्याचे डोळे ज्येष्ठापासून आभाळाकडे लागतात आणि कित्येक वर्षी त्याच्या पदरी निराशाच येते. अशा या कोरड्या मुलखात समुद्राची आठवण व्हावी एवढे पाणी एके ठिकाणी साठलेले आहे, हे परगावच्या माणसाला सांगूनही खरे वाटत नाही. माढा तालुक्यातील उजनी या गावाजवळ भीमा नदीवर बांधलेले धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या पाठीमागे जे पाणी अडले, त्याला यशवंतसागर असे नाव आहे. तो पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी मावते. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. धरणामागे दूरवर पसरलेल्या या पाण्याला तेथील लोक ‘फुगवटा’ म्हणतात, आणि हा शब्द किती समर्पक आहे, हे पावसाळ्याच्या अखेरीस तेथे गेलेल्यालाच कळते.

धरण झाले तेव्हा कित्येक गावे आपल्या जुन्या जागेवरून उठली. शेते, विहिरी, पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. पळसदेव येथील पळसनाथाचे प्राचीन मंदिरही पाण्यात गेले; उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले, तरच त्याचे शिखर आणि खांब दृष्टीस पडतात. पूर्वी ज्या दोन गावांच्या मध्ये नदीचे एक पात्र होते, त्यांच्या मध्ये आता विस्तीर्ण जलाशय आहे. करमाळा तालुक्यातून पलीकडच्या इंदापूर तालुक्यात रस्त्याने जायचे, तर फार मोठा वळसा पडतो. साहजिकच लोक होडीने पलीकडे जातात. दुसरीकडे, पुणे–सोलापूर लोहमार्गावरील भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, ते पाहण्यासाठी सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळी येतात आणि कोळ्यांच्या होड्यांतून पाण्यावर फिरतात. एकाला होडी म्हणजे रस्ता आहे, दुसऱ्याला ती मौज आहे. पाण्याचे नियम मात्र दोघांनाही सारखेच लागू पडतात.

होडी तरते कशी, हे प्रथम पाहिले पाहिजे. लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला, तर तो तळाशी जातो. परंतु उसाचा रस आटविण्याची लोखंडी काहील पाण्यावर तरंगते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या काठची माणसे महापुरात अशा काहिलीत बसून सुरक्षित जागी गेलेली आहेत. याचे कारण काहिलीच्या पोकळ आकारात आहे. कोणतीही वस्तू पाण्यात उतरली, की ती आपल्यापुरते पाणी बाजूला सारते. बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वस्तूच्या वजनाइतके झाले, की ती तरंगू लागते. खिळा फार थोडे पाणी सारतो. काहील पुष्कळ सारते. सोळाव्या शतकात विजयनगरास आलेल्या डोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने टोपलीसारख्या गोल, वेताने विणलेल्या आणि बाहेरून कातड्याने मढविलेल्या नावांचे वर्णन केले आहे. त्यांतून माणसेच काय, घोडे आणि बैलही नदीपार नेत असत. तुंगभद्रेवर तशा नावा आजही दिसतात. कातड्याची जागा मात्र आता प्लॅस्टिकने घेतली आहे.

हीच युक्ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशातील इनुइट लोकांनी स्वतंत्रपणे शोधून काढली. तेथे झाडे उगवत नाहीत. समुद्राने वाहून आणलेली लाकडे आणि देवमाशाची हाडे यांचा सांगाडा करून त्यावर ते सील या प्राण्याचे कातडे ताणून बसवीत. ही त्यांची शिकारीची होडी. तिचे नाव कयाक. ती लांब, अरुंद आणि वरून झाकलेली असते. वल्हविणारा मधल्या भोकात पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले वल्हे आळीपाळीने उजवीडावीकडे मारतो. १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत कयाकच्या शर्यतींना स्थान मिळाले. आज रायगड जिल्ह्यात कोलाड येथे, जलविद्युत् केंद्रातून कुंडलिका नदीत सोडलेल्या खळाळत्या पाण्यावर, तरुण मंडळी कयाक आणि तराफे घेऊन उतरतात.

कयाक इतकी अरुंद असूनही उलटत का नाही? तिच्यात बसणाऱ्याचे बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीवर असते, हे त्याचे मुख्य कारण. वजन जितके खाली, तितकी होडी स्थिर. होडीत एक माणूस उभा राहिला, की ते वजन वर चढते आणि थोड्याशा कलाने होडी डोलू लागते. दोघेतिघे एकदम एका बाजूस सरले, तर मग सांगायलाच नको. पक्षी दिसताच सगळे एकाच काठाकडे झुकतात, ही तर नेहमीची गोष्ट! म्हणूनच जाणता कोळी पाहुण्यांना होडीत बसविताना आधी जागा नेमून देतो आणि मग दोर सोडतो.

आता वाऱ्याकडे वळू. गावच्या तळ्यात कितीही वारा सुटला, तरी लहान लहान तरंगांपलीकडे काही उठत नाही. यशवंतसागरावर तोच वारा निराळे रूप धारण करतो. लाट किती मोठी होईल, हे तीन गोष्टींवर ठरते: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला, आणि त्याला उघड्या पाण्यावरून किती अंतर सलग धावावयास मिळाले. लहान तळ्यात हे अंतर फार थोडे असते. फुगवट्यावर मैलच्या मैल पाणी उघडे. मध्ये ना टेकडी, ना झाड. काठावरून पाहणाऱ्याला पाणी शांत वाटते, कारण वारा त्याच्याकडून पुढे वाहत असतो. त्याच वेळी पलीकडच्या काठावर लाटा आपटत असतात. लाट समोरून किंवा किंचित तिरपी घेतली, तर होडीचे नाक ती कापते. तीच आडवी, कुशीवर आली, तर पाणी आत येते, आणि आत आलेले पाणी होडीबरोबर इकडून तिकडे धावून तिला अधिकच कलते करते.

त्यातही सर्वांत फसवा वारा वळवाचा. चैत्र-वैशाखात दिवसभर जमीन तापते, तापलेली हवा वर चढते आणि तिसऱ्या प्रहरानंतर काळे ढग उभे राहतात. ढगातून पाऊस पडू लागण्याच्या आधीच तेथली गार, जड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चोहीकडे पसरते. म्हणून वळवात आधी वावटळ, मग पाऊस. शेतातल्या माणसाला गंजी झाकण्यापुरती थोडी तरी सवड मिळते. जलाशयाच्या मध्यावर असलेल्या होडीला जायला जागा नसते.

२१ मे २०२४ रोजी हेच घडले. सायंकाळच्या सुमारास करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक प्रवासी होडी निघाली होती. तीत सात माणसे होती. वाटेत वादळी वारा सुटला, लाटा उसळल्या, होडीत पाणी शिरले आणि ती उलटली. एक जण पोहत काठास लागला. बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान बालके होती. आपत्ती निवारण दलाचे जवान पाण्यात उतरून शोध घेत राहिले, आणि दोन्ही काठांवर गावकरी ताटकळत उभे होते. ती माणसे काही धाडस करावयास निघाली नव्हती. रोजच्या वाटेनेच ती चालली होती.

अशा वेळी ज्या वस्तूने जीव वाचण्याचा संभव असतो, ती अगदी साधी आहे. लाइफ जॅकेट म्हणजे बंद पोकळ्यांचा हलका फोम भरलेली एक बंडी. माणसाचे शरीर पाण्याहून फारसे जड नसते. त्याचे नाकतोंड वर राहण्यास थोड्याच जादा आधाराची गरज असते. सात ते दहा किलो वजन तोलून धरील एवढा आधार ही बंडी देते. मात्र तिचे पट्टे आवळलेले हवेत. सैल बंडी पाण्यात वर सरकते आणि कानांपर्यंत येते, माणूस खालीच राहतो. उकडते म्हणून ती काढून बैठकीखाली ठेवणारे लोक पुष्कळ असतात. होडी उलटल्यावर बैठकीखालची बंडी शोधून, अंगात घालून, पट्टे बांधणे चांगल्या पोहणाऱ्यालाही साधत नाही.

उलटलेली होडी बहुधा तळाशी न जाता पालथी तरंगते. ती तरंगत असेल, तर तिला धरून राहणे इष्ट. पाण्याच्या पातळीवरून काठ फार जवळ भासतो, आणि त्या भासाने कित्येक पोहणारे निम्म्या वाटेत थकले आहेत. शिवाय शोधणाऱ्याला पाण्यातले डोके दुरून दिसत नाही, होडी दिसते.

सोबतीने निघणाऱ्यांचेही काही रिवाज आहेत. कोण कोण जाणार, कोणत्या बाजूस जाणार आणि किती वाजता परतणार, हे काठावरच्या एका माणसाला सांगून ठेवावयाचे. तो वेळ टळला, की त्याने वाट न पाहता मदतीला माणसे पाठवावयाची. दोन होड्या असतील, तर मंद चालणारी पुढे ठेवतात. वेगाने वल्हविणाऱ्याला हे आवडत नाही, पण त्यामुळे मागे कोणी एकटा पडत नाही. पाणी ओसरलेले असताना आणखी एक सावधगिरी लागते. बुडालेल्या झाडांचे खुंट, पडक्या भिंती आणि मासेमारीची जाळी पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलेली असतात, आणि काठाचा ओला गाळ वरून सुकलेला दिसला, तरी त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

भिगवणजवळच्या कुंभारगावचे कोळी पाहुण्यांना पहाटेच बोलावतात. पौष-माघाच्या गारठ्यात, अंधार पुरता सरण्यापूर्वी, होडी पाण्यात ढकलली जाते. त्या वेळी फुगवटा आरशासारखा असतो. वल्ह्यावरून गळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येतो. रोहित पक्षी उथळ पाण्यात माना खाली घालून, चोच उलटी धरून गाळ गाळत असतात. ते उडाले, की त्यांच्या पंखांच्या आतला लालभडक रंग एकदम उघडा पडतो. पाहुण्यांना अजून थोडे पुढे जावेसे वाटते. नावाडी पाण्यावर उमटू लागलेली पहिली काळसर झुळूक पाहतो, होडीचे नाक वळवितो, आणि उन्हे तापण्यापूर्वी तिला काठाला लावून दोर खुंटाला बांधतो.