मनाचा ताण आणि समुपदेशन : कोणत्या तक्रारीवर कोणता उपचार?



कपाशीची पाने लाल पडू लागली की आपण ती तोडून आमच्याकडे आणता आणि औषध विचारता. आम्ही लगेच औषध सांगत नाही. लाल्या ही विकृती एकाच कारणाने येत नाही. मॅग्नेशिअम किंवा नत्राची कमतरता, तुडतुड्यांचा प्रादुर्भाव, पाण्याचा ताण, एकाएकी पडलेली थंडी यांपैकी कोणत्याही कारणाने पान लाल होते. म्हणून जमीन, पेरणीची तारीख, दिलेली खते, पाण्याच्या पाळ्या हे सगळे विचारून मगच उपाय सांगितला जातो.

काही वर्षांपूर्वी शिवारफेरीत एका शेतकरी बंधूंशी असेच बोलणे झाले. लाल्याविषयी सगळी चर्चा झाली. मी निघत असताना ते मोटारसायकलजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सर, दोन महिने झाले, रात्री झोप लागत नाही. शेतात जावंसं वाटत नाही." मी म्हणालो, "भाऊ, फार विचार करू नका. होईल सगळं ठीक." त्यांनी मान हलवली आणि मी निघून आलो.

पुढे त्यांच्या पत्नीने गावातील आशाताईंना ही गोष्ट सांगितली. आशाताई दोघांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. तेथे उपचार झाले आणि आज ते बरे आहेत. नंतर भेटले तेव्हा ते म्हणाले, "सर, त्या दिवशी तुम्ही पानाबद्दल दहा प्रश्न विचारले. माझ्याबद्दल एकही नाही विचारला." त्यांचे म्हणणे खरे होते. त्यांच्या संमतीने, नाव-गाव न देता, हा प्रसंग येथे लिहीत आहे. पिकाच्या बाबतीत आपण कारण शोधून उपाय करतो, तोच नियम मनालाही लागू आहे हे त्यातून मला शिकावयास मिळाले.

समुपदेशन म्हणजे काय?

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. "धीर धरा", "देवाचे नाव घ्या", "तुमच्यापेक्षा इतरांचे किती वाईट आहे ते पाहा" असे सांगणे हे समुपदेशन नाही. प्रशिक्षित व्यक्तीने ठरावीक पद्धतीने केलेला, गुप्तता पाळणारा आणि ठरावीक भेटींत विभागलेला संवाद म्हणजे समुपदेशन. त्यात सल्ला कमी आणि ऐकणे व विचारणे जास्त असते. पुढच्या भेटीपर्यंत घरी करावयाचे काही काम बहुधा दिले जाते.

झोप न लागणे, भूक मंदावणे, चिडचिड, कामात मन न लागणे, सतत थकवा, उगाच रडू येणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे, यांपैकी काही लक्षणे दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज राहिली तर तपासणी करून घ्यावी. पुष्कळदा हा ताण अंगदुखी, डोकेदुखी, छातीत धडधड अशा शारीरिक तक्रारींच्या रूपाने प्रकट होतो. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय यांमुळेही अशीच काही लक्षणे दिसतात. म्हणून प्रथम डॉक्टरांची तपासणी आवश्यक आहे.

उपचारांचे प्रमुख प्रकार

1) समस्या निवारण पद्धती : कर्ज, वाटणीचा वाद, मुलीचे लग्न, विहिरीला पाणी न लागणे अशा अनेक अडचणी एकाच वेळी अंगावर आल्या की सगळे मिळून एक मोठे ओझे वाटू लागते. या पद्धतीत प्रत्येक अडचण वेगळी लिहून काढतात. आपल्या हातात असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन याद्या करतात. पाऊस आपल्या हातात नाही, पण बँकेत जाऊन कर्जाच्या पुनर्गठनाची चौकशी करणे आपल्या हातात आहे. हातातील एक अडचण निवडून तिचे लहान टप्पे पाडावयाचे आणि या आठवड्यात कोणता टप्पा पूर्ण करावयाचा हे ठरवावयाचे. ज्यांच्या ताणाचे कारण स्पष्ट आहे त्यांना ही पद्धत उपयोगी पडते.

2) कृतीला चालना देणारी पद्धती : खिन्न झालेला माणूस काम सोडतो, पारावर जाणे सोडतो, भजनाला जाणे सोडतो. त्यामुळे खिन्नता आणखी वाढते आणि तो अधिकच घरात बसतो. हे चक्र तोडण्यासाठी "मन लागेल तेव्हा काम करीन" याऐवजी "थोडे काम करीन, मग मन लागेल" असा उलटा क्रम धरतात. रोज सकाळी बांधावर एक फेरी, एका मित्राची भेट, बैलांना स्वतः वैरण टाकणे अशा लहान कृती वेळ ठरवून केल्या जातात. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या संस्थेने या पद्धतीचा अभ्यास केला. तेथील समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते स्थानिक, प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक होते. सुमारे 6 ते 8 भेटींच्या या उपचाराने तीव्र नैराश्याच्या रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाल्याचे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. आमच्या शेतकरी बंधूंना औषधांबरोबर हीच पद्धत लागू पडली.

3) विचार व वर्तन उपचार : अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात आणि ॲरन बेक यांनी 1960 च्या दशकात अमेरिकेत या विचाराचा पाया घातला. घटनेपेक्षा घटनेकडे पाहण्याची रीत माणसाला अधिक त्रास देते, हे त्याचे सूत्र. "या वर्षी पीक गेले" ही घटना आहे. "पीक गेले म्हणजे मी नालायक, आता गावात तोंड दाखविता येणार नाही" हा तिच्यावर चढविलेला विचार आहे. समुपदेशक असा विचार पकडावयास शिकवितो, त्याचा पुरावा मागतो आणि त्याजागी वस्तुस्थितीला धरून दुसरा विचार मांडावयास लावतो. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात रुजविण्याचे काम मुंबईचे कि. मो. फडके यांनी केले. सततची काळजी, भीती, नैराश्य यांवर हे उपचार वापरले जातात.

4) पती-पत्नी व कुटुंब समुपदेशन : पुष्कळ घरांत एकाच माणसाला 'आजारी' ठरविले जाते, पण दुखणे असते नात्यात. भावाभावांतील वाटणी, सासू-सुनेतील अबोला, नवऱ्याने कर्जाची गोष्ट बायकोपासून लपविणे ही त्याची नेहमीची उदाहरणे. येथे समुपदेशक कोणाचीही बाजू घेत नाही. एकाने बोलावे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकावे, ऐकलेले आपल्या शब्दांत सांगावे आणि मगच उत्तर द्यावे, अशा साध्या नियमांनी तो बोलणे पुन्हा सुरू करून देतो. वैवाहिक वाद न्यायालयात गेलाच तरी कुटुंब न्यायालय कायदा, 1984 नुसार तेथे समुपदेशकांची सोय असते. मात्र जेथे मारहाण होते तेथे दोघांना एकत्र बसवून समेट घडविणे धोक्याचे ठरते. अशा वेळी बाईची सुरक्षितता प्रथम पाहावी. त्यासाठी 181 ही महिला मदतवाहिनी आहे आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने संरक्षण अधिकाऱ्यांची तरतूद केली आहे.

5) व्यसनमुक्ती व गट उपचार : दारू सोडविण्यासाठी शपथ आणि शिवीगाळ यांचा फारसा उपयोग होत नाही. माणसाच्या मनातील सोडण्याची इच्छा ओळखून तिला बळ देणे ही समुपदेशनाची पद्धत आहे. त्याच्या जोडीला त्याच वाटेवरून गेलेल्या माणसांचा गट मोठा आधार देतो. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' ही अशा गटांची चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू झाली आणि तिचे गट महाराष्ट्रातही आहेत. पुण्याचे 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करीत आहे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती एकदम स्वतःहून बंद करू नये. झटके येऊन जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच बंद करावी.

6) औषधोपचार : तीव्र नैराश्य, भास होणे, अति संशय अशा तक्रारींत केवळ बोलून भागत नाही. औषधे फक्त मनोविकारतज्ज्ञ किंवा इतर डॉक्टरांनीच द्यावयाची असतात. नैराश्यावरील औषधाचा गुण दिसावयास साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत "फरक नाही" असे म्हणून ते सोडू नये आणि बरे वाटले म्हणून मनानेच बंदही करू नये. समुपदेशन आणि औषध एकमेकांना पूरक आहेत.

कोठे जावे?

सर्वप्रथम गावातील आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सुरुवात देशात 1996 साली झाली. त्याअंतर्गत जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी महाराष्ट्र शासनाने 2015 साली विदर्भ व मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला होता. जाणे शक्य नसेल तर 14416 हा 'टेली मानस' सेवेचा क्रमांक फिरवावा. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेली केंद्र शासनाची ही सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि तेथे मराठीत बोलता येते.

खाजगी मानसशास्त्रज्ञाकडे जावयाचे असल्यास शिक्षण व नोंदणी विचारण्यास संकोच करू नये. बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल वाचतो, तसेच हे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. त्यामुळे गावात बोभाटा होईल या भीतीने उपचार टाळू नयेत.

घरातील मंडळींनी काय करावे?

* शांतपणे, एकांतात विचारावे. "काय झाले?" यापेक्षा "किती दिवसांपासून झोप नाही?" असा नेमका प्रश्न उपयोगी पडतो.
* उत्तर मिळाल्यावर लगेच सल्ला देऊ नये. पूर्ण ऐकून घ्यावे.
* "जगण्यात अर्थ नाही", "मी गेलो तर तुम्ही सुटाल" असे बोलणे कधीही थट्टेवारी नेऊ नये. जीव देण्याचे विचार मनात येतात का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तसा विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. उलट माणसाला मोकळे वाटते.
* अशा व्यक्तीला एकटे सोडू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. तातडीच्या प्रसंगी 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.
* कीटकनाशके व तणनाशके घरात उघड्यावर ठेवू नयेत. ती कुलूपबंद पेटीत ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. हंगामाला लागेल तेवढेच औषध आणावे. अनावर झालेला क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो. त्या वेळी औषध हाताशी नसणे म्हणजे जीव वाचणे.

बंधू-भगिनींनो, कारण न पाहता केलेली फवारणी वाया जाते, तसा कारण न विचारता दिलेला धीरही वाया जातो. कर्जाच्या काळजीला एक उपाय, नात्यातील दुराव्याला दुसरा, दारूला तिसरा, तीव्र नैराश्याला चौथा. यांपैकी बहुतेकांची सोय आपल्या जिल्ह्यात आहे. उशीर तेवढा आपल्याकडून होतो.

आता शिवारफेरीत पिकाची पाहणी संपली की मी एक प्रश्न जास्तीचा विचारतो : "भाऊ, तुमची स्वतःची तब्येत कशी आहे? झोप लागते ना?" बहुतेक जण हसून "मजेत" म्हणतात. एखादे जण थांबतात. त्यांच्यासाठी 14416 हा क्रमांक चिठ्ठीवर लिहून मी खिशात ठेवलेला असतो. आपणही हा प्रश्न आपल्या शेजाऱ्याला, भावाला आणि घरातील लक्ष्मीला विचारावा आणि उत्तर येईपर्यंत थांबावे, ही विनंती.