मेंदू स्निग्ध, म्हणून तूप अधिक? वृद्धांच्या आहारातील चरबीविषयी संशोधन काय सांगते

नवी दिल्ली : मेंदूतील पाणी वगळले, तर उरलेल्या भागापैकी सुमारे ६० टक्के स्निग्ध पदार्थच असतात. या एका वाक्याच्या आधारे सध्या घरोघरीच्या वृद्धांना निरनिराळे सल्ले मिळत आहेत. कोणी रोज चार चमचे तूप खाण्यास सांगतो, कोणी सकाळी उपाशीपोटी खोबरेल तेल घेण्यास, तर कोणी माशाच्या तेलाच्या महागड्या गोळ्या सुचवतो. मूळ वाक्य खरे आहे. त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र तसा नाही.

प्रश्न किरकोळ नाही. भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशाने ग्रस्त असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासात मांडण्यात आला. या विकाराला मुळापासून बरे करणारे औषध अद्याप नाही. त्यामुळे स्वयंपाकघरात काही उपाय सापडेल का, ही आशा स्वाभाविक आहे आणि तिचा गैरफायदा घेणेही सोपे आहे.

शरीरातील एकूण कोलेस्टेरॉलपैकी सुमारे पाचवा हिस्सा मेंदूत असतो. परंतु हे कोलेस्टेरॉल ताटातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधील पेशींची घट्ट भिंत रक्तातील कोलेस्टेरॉल आत जाऊ देत नाही. मेंदू आपल्या गरजेपुरते ते स्वतःच तयार करतो. तूप वाढवल्याने मेंदूचे कोलेस्टेरॉल वाढत नाही आणि तेल कमी केल्याने ते घटतही नाही.

मग आहारातील चरबीचा मेंदूशी संबंध कसा येतो? तो मुख्यतः रक्तवाहिन्यांमार्फत येतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. हा पुरवठा करणाऱ्या धमन्यांमध्ये थर साचू लागले, की मोठा झटका न येताही मेंदूच्या बारीक भागांची उपासमार होऊ शकते. लोणी, तूप, खोबरेल आणि पाम तेल यांत अधिक प्रमाणात असलेली संपृक्त चरबी रक्तातील ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल वाढवते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. तीत वाढलेल्या एलडीएलचा प्रथमच समावेश झाला आणि त्याचा वाटा सात टक्के धरण्यात आला.

येथे वयाचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. आयोगाचा इशारा मध्यम वयातील कोलेस्टेरॉलविषयी आहे. सत्तरी-ऐंशीत मोजलेल्या कोलेस्टेरॉलचा स्मृतिभ्रंशाशी तितका स्पष्ट संबंध आढळत नाही; आजार सुरू होण्याच्या सुमारास काहींचे वजन आणि कोलेस्टेरॉल आपोआप घटते, हेही त्याचे एक कारण मानले जाते. थोडक्यात, आजोबांच्या ताटाची जी चिंता घरात केली जाते, तिची खरी गरज त्यांच्या पन्नाशीतील मुलाला अधिक आहे.

संपृक्त चरबीचा थेट स्मृतीवर काय परिणाम होतो, याबाबत अभ्यासांचे एकमत नाही. शिकागोमध्ये ६५ वर्षांवरील ८१५ जणांच्या पाहणीत संपृक्त चरबी अधिक खाणाऱ्यांना अल्झायमरचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे २००३ मध्ये आढळले. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे पाच हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत मात्र असा संबंध दिसला नव्हता. लोक काय खातात हे त्यांना विचारून नोंदवायचे आणि पुढे काही वर्षे वाट पाहायची, ही पद्धतच मुळात ढोबळ आहे.

ट्रान्स फॅटच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. जपानमधील हिसायामा येथे संशोधकांनी आठवणींवर विसंबून न राहता १,६२८ ज्येष्ठांच्या रक्तातच या चरबीचे प्रमाण मोजले. सुमारे दहा वर्षांत त्यांपैकी ३७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला आणि रक्तात ही चरबी अधिक असणाऱ्यांना धोकाही अधिक असल्याचे दिसले. भारतात ही चरबी प्रामुख्याने वनस्पती तूप आणि त्यात तळलेल्या किंवा भाजलेल्या पदार्थांतून पोटात जात असे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेल व वनस्पती तुपातील तिची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्के आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. या विषयात सरकारी नियमाने जे साधले, ते कितीही आहारसल्ल्यांनी साधले नसते. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवण्याची सवय मात्र नियमांनी सुटलेली नाही.

ओमेगा-३ मेदाम्लांचे काय? त्यांपैकी ‘डीएचए’ हा मेंदूच्या पेशीपटलाचा महत्त्वाचा घटक आहे आणि मासे खाणाऱ्या समूहांत स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचे अनेक पाहण्या सांगतात. तरीही तेच द्रव्य गोळीत भरून दिले, तेव्हा अपेक्षाभंग झाला. फ्रान्समध्ये ७० वर्षांवरील १,६८० जणांवर तीन वर्षे झालेल्या चाचणीत ओमेगा-३ गोळ्यांनी स्मृतीची घसरण लक्षणीयरीत्या रोखली नाही. अमेरिकेत अल्झायमरच्या ४०२ रुग्णांना १८ महिने डीएचए देऊनही ऱ्हासाचा वेग मंदावला नाही. स्मरणशक्तीच्या नावाने या गोळ्यांवर निवृत्तिवेतनातील पैसा खर्च करण्यास आज सबळ आधार नाही.

कोकणातील बांगडा आणि तारली किंवा बंगालमधील हिलसा हे डीएचएचे चांगले स्रोत आहेत. शाकाहारी व्यक्तींना जवस, अक्रोड आणि मोहरीच्या तेलातून ओमेगा-३ मिळते. मात्र ते वेगळ्या प्रकारचे असून शरीरात त्याचे डीएचएमध्ये रूपांतर फारच अल्प होते. म्हणून जवसाची चटणी निरुपयोगी ठरत नाही. तिच्यातील तंतू आणि असंपृक्त चरबी रक्तवाहिन्यांच्या हिताची आहे. फक्त तिला माशाचा पर्याय म्हणता येत नाही.

एकेका घटकाऐवजी संपूर्ण आहार बदलून पाहणाऱ्या चाचण्याही झाल्या. स्पेनमध्ये भूमध्य प्रदेशातील पद्धतीच्या आहारासोबत ऑलिव्ह तेल किंवा रोज ३० ग्रॅम सुकामेवा देण्यात आलेल्या ज्येष्ठांची बौद्धिक क्षमता, चरबी कमी करण्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिल्याचे २०१५ मध्ये दिसले. याउलट अमेरिकेत ६०४ जणांवर तीन वर्षे चाललेल्या ‘माइंड’ आहाराच्या चाचणीत २०२३ मध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही गटांना उष्मांक कमी करण्याचे मार्गदर्शन मिळाले होते आणि दोघांचीही कामगिरी काहीशी सुधारली होती, ही नोंदही लक्षात घ्यावी लागेल.

ऑलिव्ह तेल भारतातील बहुतेक कुटुंबांना परवडणारे नाही आणि त्यावाचून अडतही नाही. शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी आणि तांदळाच्या कोंड्याचे तेल यांत असंपृक्त चरबीच अधिक असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत एकाच तेलावर न राहता आलटूनपालटून तेले वापरण्याचा सल्ला आहे. दोन हजार उष्मांकांच्या आहारात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम पुरेसे मानले आहे. दोघा वृद्धांच्या घरात महिन्याला हे प्रमाण जेमतेम पावणेदोन लिटर होते. अनेक घरांतील तेलाचा डबा याहून लवकर रिकामा होतो.

अर्थात हा हिशेब प्रत्येक वृद्धाला सारखा लागू करणे धोक्याचे आहे. दात नसलेल्या, भूक मंदावलेल्या आणि वजन घटत चाललेल्या व्यक्तीचे तूप-तेल सरसकट तोडले, तर उष्मांक कमी पडतात आणि अ, ड, ई, के या जीवनसत्त्वांचे शोषणही रोडावते. अशा व्यक्तीच्या मऊ भातावरील चमचाभर तूप हा दोष नव्हे. त्यामुळे घास सुखाने गिळला जातो. सहा ते बारा महिन्यांत कारणाशिवाय पाच टक्के वजन घटणे, म्हणजे ५० किलोंच्या आजींचे अडीच किलो कमी होणे, हे तेलाचा प्रकार बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवण्याचे लक्षण मानले जाते.