गणिताची 'तकरार': अकरावी-बारावीच्या मुलांनी एकमेकांना कसे शिकवावे

मराठीत तक्रार म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूच्या रोजच्या बोलण्यात तकरार म्हणजे भांडण. पण मदरशात शिकलेल्या कुणालाही विचारा, तो तिसराच अर्थ सांगेल: धडा पुन्हा उलगडणे. उस्तादांनी सकाळी दिलेला सबक संध्याकाळी चार-सहा तालिब-ए-इल्म गोल बसून परत घेतात. एक जण उस्तादांच्या जागी बसून समजावतो, बाकीचे त्याला अडवतात, विचारतात, हुज्जत घालतात. अरबी व्याकरणाचे किचकट नियम मुले अशीच पचवतात. दारुल उलूममध्ये ही रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. आम्हाला वाटते, अकरावी-बारावीच्या गणितालाही आपल्या मुलांनी हीच रीत लावावी.

गरज कुठे आहे ते आधी पाहू. आपल्याकडची पुष्कळ मुले दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकतात. मग विज्ञान शाखा घेतली की ज्युनिअर कॉलेजात सगळे एकदम इंग्रजीत. ज्या मुलाला मुसावात कळते, समीकरणही कळते, तो 'इक्वेशन'पाशी गोंधळतो असे नाही, तो गोंधळतो वाक्यात. 'ॲट लीस्ट', 'ॲट मोस्ट', 'रिस्पेक्टिव्हली' असे शब्द आले की गणित येत असूनही हात थांबतो. वर्गात विचारायची लाज वाटते. महागड्या क्लासची फी प्रत्येक घराला झेपत नाही. मग दिवाळीच्या सुमारास घरी निरोप येतो: "अब्बू, मैं मॅथ्स छोड देता हूं." नियमाप्रमाणे गणिताऐवजी दुसरा विषय घेता येतो, हे खरे. पण त्या एका सहीने इंजिनिअरिंगचा रस्ता बहुतेक बंद होतो, हे सही करताना घरात कुणी सांगत नाही.

आता तकरारीत नेमके काय घडते, ते एका गणितावरून पाहू. बारावीच्या पहिल्या भागात त्रिकोणमितीय फलांचा धडा आहे. प्रश्न असा: साइन २ थीटा = साइन थीटा; थीटाच्या ० ते ३६० अंशांमधल्या सगळ्या किमती काढा.

हुशार समजली जाणारी मुलगी झटपट लिहिते: साइन २ थीटा म्हणजे २ साइन थीटा कॉस थीटा. दोन्ही बाजूंना साइन थीटा आहे, तो उडवला. उरले कॉस थीटा = १/२. म्हणून थीटा ६० अंश किंवा ३०० अंश. झाले.

शेजारची मैत्रीण गणितात बेताचीच. ती म्हणते, "थांब ना, मी शून्य टाकून बघितलं. साइन शून्य म्हणजे शून्य, दुसरीकडेही शून्य. मग शून्य उत्तरात का नाही?" हुशार मुलगी गप्प. १८० टाका, तेही बसते. ३६० सुद्धा. म्हणजे उत्तरे पाच आहेत: ०, ६०, १८०, ३००, ३६०. तीन कुठे गेली? ती 'उडवण्यात' गेली. साइन थीटाने भागले तेव्हा तो शून्य असू शकतो, हे कुणी पाहिलेच नाही, आणि शून्याने भागता येत नाही. बरोबर रीत अशी की सगळे एका बाजूला घ्यायचे, साइन थीटा सामाईक काढायचा: साइन थीटा × (२ कॉस थीटा − १) = ०. मग एक तर साइन थीटा शून्य, नाहीतर कॉस थीटा १/२.

यात शिकले कोण? दोघीही, आणि आमच्या मते हुशार मुलगी जास्त शिकली. तिला कृती पाठ होती, कारण ठाऊक नव्हते. पालक आम्हाला सांगतात की दुसऱ्यांना शिकवण्यात आमच्या मुलीचा वेळ फुकट जातो. त्यांनी हे उदाहरण कागदावर सोडवून बघावे. आपल्याला येते असे वाटणे वेगळे, आणि समोरच्याच्या "का?"ला उत्तर देता येणे वेगळे. एकट्याने अभ्यास करताना हा "का?" कुणी विचारतच नाही.

शब्दांच्या अडचणीवरही गट हाच सोपा इलाज आहे. नाणे पाच वेळा उडवले, कमीत कमी एकदा छापा पडण्याची संभाव्यता किती? इंग्रजीतल्या 'ॲट लीस्ट वन'चा अर्थ बरीच मुले 'एकदाच' असा घेतात आणि ५/३२ लिहून मोकळी होतात. कुणीतरी उर्दूत "कम अज कम एक, यानी एक या उस से ज्यादा" म्हटले की गाडी रुळावर येते. मग दुसरा म्हणतो, एक, दोन, तीन, चार, पाच असे सगळे मोजत कशाला बसायचे? एकदाही छापा न पडण्याची संभाव्यता १/३२, ती १ मधून वजा करा. उत्तर ३१/३२. गणित इंग्रजीत लिहायचे, पण समजून मात्र घरच्या बोलीत घ्यायचे, यात कमीपणा काही नाही. एका वहीत तीन रकाने करून ठेवावेत: मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल, जाविया, कोन, अँगल, मुरब्बा, वर्ग, स्क्वेअर. (मराठी माध्यमाची मुले मुरब्बा ऐकून हसतात, त्यांच्याकडे तो बरणीत असतो. हसू द्या, शब्द लक्षात राहतो.)

गट चार-पाच जणांचा पुरे. दहा झाले की मैफल होते. सगळेच हुशार नकोत आणि सगळेच कच्चेही नकोत. समजावणारा रोज बदलावा, नाहीतर एक जण मास्तर होतो आणि बाकीचे श्रोते. बसण्याआधी प्रत्येकाने ती गणिते एकट्याने करून बघितलेली असावीत, निदान अर्धी. कोरी वही घेऊन येणाऱ्याला मदत होत नाही, त्याची फक्त नक्कल होते. आणि मदत करणाऱ्याने पेन हातात घेऊ नये. हा नियम मुलांना सगळ्यात जड जातो, पण आम्ही त्याबाबत हट्टी आहोत. "पुढची पायरी काय असेल?" एवढेच विचारावे. फारच अडला तर एक पायरी सांगावी, पूर्ण उत्तर नाही.

मोबाइलवर तर हे फारच बिघडते. रात्री अकराला एक जण सोडवलेल्या पानाचा फोटो टाकतो, बाकीचे सहा जण उतरवून घेतात, आणि सगळ्यांना वाटते अभ्यास झाला. फोटो पाठवायचाच तर स्वतःच्या अर्धवट प्रयत्नाचा पाठवावा, जिथे अडले तिथे गोल करून.

मुलींच्या बाबतीत घरच्यांची काळजी आम्ही समजू शकतो. मग गट आपल्याच घरी बोलवा. असरनंतर बसून मगरिबपर्यंत तास-दीड तास पुरतो. चहा-बिस्किटांपलीकडे खर्च नाही. मोहल्ल्यातली लायब्ररी किंवा मशिदीच्या वरची खोली मिळत असेल तर मुलांसाठी तीही चांगली. गेली काही वर्षे रमजान आणि बोर्डाची परीक्षा एकमेकांना गाठतात, तेव्हा तरावीहनंतर पेंगत बसण्यापेक्षा सहरी आणि फजरनंतरचा वेळ घ्यावा, डोके ताजे असते.

परीक्षेचा हिशेबही मुलांना माहीत हवा. बोर्डाचा लेखी पेपर ८० गुणांचा, २० गुण प्रात्यक्षिकांचे. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. म्हणून बारावीतही आठवड्यातला एक दिवस अकरावीच्या धड्यांना द्यावा. सीईटीच्या प्रश्नांना घड्याळ लावून बसावे, बोर्डाच्या गणितांना मात्र घाई नको. तिथे पायऱ्यांना गुण असतात आणि पायऱ्यांवरच वाद घालायचा असतो.

अल-ख्वारिज्मीचे नाव आपण जलशांत अभिमानाने घेतो. इ.स. ८२०च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेल्या त्यांच्या ज्या ग्रंथाच्या नावातून 'अल्जिब्रा' शब्द आला, त्याचा मोठा भाग वारसा-वाटपाच्या हिशेबांचा आहे, म्हणजे लोकांच्या अगदी घरगुती अडचणींचा. व्यासपीठावर हे सांगताना टाळ्या पडतात. त्याच मोहल्ल्यात चार मुलांना बसायला एक खोली आणि एक फळा मिळाला, तर आम्हाला जास्त आनंद होईल.

शेवटी, गटाला सगळेच येणार नाही. कधी पाचही जण मिळून चुकीच्या उत्तरावर ठाम राहतात, हेही होते. त्यासाठी गटाची एक वेगळी वही ठेवावी. अडलेले गणित, त्याखाली 'इथपर्यंत आलो, इथे अडलो', आणि पुस्तकातल्या उत्तराशी जुळले की नाही, एवढे लिहावे. आठवड्यातून एकदा ती वही सरांकडे किंवा मॅडमकडे न्यावी. भरल्या वर्गात हात वर करायला जीव कचरतो, पण चार मुले अशी वही घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी राहिली, तर आम्हा शिक्षकांना डबा बाजूला ठेवावाच लागतो.